राखेतली टाच

"कशावरून?"

आमच्या डॉक्टरसाहेबांच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा हा एकच शब्द असे. पेशंट म्हणे, "साहेब, ताप उतरला." साहेब विचारत, "कशावरून?" पेशंट म्हणे, "बरं वाटून राहिलं." साहेब पुन्हा, "बरं वाटतंय, कशावरून?" एकदा मी चहा करून आणला आणि म्हटलं, "साहेब, साखर बरोबर झाली." तर कपाकडे बघून म्हणाले, "कशावरून?" मी तो कप उचलला आणि त्यांच्यासमोर स्वतःच पिऊन टाकला. म्हटलं, "यावरून." त्यावर हसले नाहीत. मान डोलावली आणि म्हणाले, "हे बरोबर आहे." आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मोहाडीपासून दोन कोसांवरच्या एका गावात आमचा दवाखाना होता. गावाचं नाव मी सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांना वाचता येतं. कौलारू तीन खोल्या, पुढं मोठं अंगण, मागं बोडी, म्हणजे शेतापुरतं लहानसं तळं. दुष्काळाचं साल सरून दोनेक वर्षं झाली असतील. मी नर्सिंगचं शिक्षण आटोपून रुजू व्हायला गेले ती केसांना चापूनचोपून तेल लावून, इस्तरीची पांढरी साडी नेसून. साहेबांनी ऑर्डर घेतली, वाचली, आणि दारात काढून ठेवलेल्या माझ्या जुन्या चपला उचलून उलट्या करून पाहिल्या. "डावी टाच जास्त झिजवता तुम्ही," म्हणाले. मी मनात म्हटलं, गेलं बापा, कोण्या येड्याच्या हाताखाली येऊन पडले मी!

साहेब पुण्याकडचे. उंच, वाळके, पँटीला सायकलची क्लिप सदा अडकवलेली, सायकल नसली तरी. बायको तिकडेच होती, दर आठवड्याला तिचं पत्र यायचं. इकडे ती का आली नाही ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. स्वतः भात शिजवायचे आणि रोज कच्चा ठेवायचे. धानाच्या मुलखात येऊन ज्याला भात जमला नाही असा तो एकच माणूस मी पाहिला. आमची बोली बोलायचा त्यांना भारी सोस. म्हाताऱ्यांना म्हणायचे, "आजोबा, तुम्हाले काय होऊन राहिलं आहे?" आजोबा माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे. मी नोकरीत पुस्तकी बोलायला शिकले ती साहेबांमुळे, आणि साहेब आमच्यासारखं बोलायला शिकत होते ते आमच्यामुळे. दोघांचंही धड झालं नाही.

त्या काळात लाल सुईचं फार वेड होतं. बी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, दिसायला लालभडक, डाळिंबाच्या रसासारखं. हातापायाला मुंग्या आल्या, कंबर धरली, झोप येत नाही, सून ऐकत नाही, काहीही असो, माणसं दारातूनच सांगायची, "शिस्टर, लाल सुई मारा!" इतर ठिकाणचे डॉक्टर मारायचे. आमचे साहेब मारायचे नाहीत. आणि मारायचे नाहीत ते तरी सरळ? आधी त्यांनी ती महिनाभर स्वतःला टोचून घेतली. मीच टोचली. रोज सकाळी पायाला पिसानं गुदगुल्या करून बघायचे, डोळे मिटून एका पायावर उभे राहायचे आणि वहीत लिहायचे. महिना संपल्यावर मला बोलावून म्हणाले, "सिस्टर, कुल्ला दुखला. बाकी मी होतो तसाच आहे."

"म्हणजे औषध खोटं?"

"असं कुठं म्हटलं मी? माझ्यात ते आधीच पुरेसं असेल. भरल्या घागरीत पाणी ओतलं तर अंगण ओलं होतं."

मग आली ती माळकरी म्हातारी. नवरा गेल्यापासून भात, मीठ आणि चहा यांच्यावर जगत होती, दूधही नाही. पायाखालची जमीन तिला कळेनाशी झाली होती. चप्पल पायातून गळून पडायची आणि ही तशीच पुढं चालत जायची. भिंत धरल्याशिवाय उभी राहवत नव्हती. साहेबांनी तिची जीभ बघितली, लालबुंद आणि गुळगुळीत. पायाला पीस लावलं, टाचणी लावली. तिचं आपलं, "नाही समजून राहिलं बाप्पा." साहेब मला म्हणाले, "हिला लाल सुई." मी थक्कच झाले. आठवडी बाजाराच्या दिवशी तिला नेमानं सुई दिली. दोन-अडीच महिन्यांनी उन्हाच्या भरात म्हातारी अंगणातून ओरडत आली, "शिस्टर वो, मले चटका बसला! पाय भाजला माया!" आणि हसत होती! तापल्या जमिनीवर एकदा हा पाय, एकदा तो पाय टेकत हसत होती. साहेब धावत बाहेर आले आणि तिथं उन्हातच उभं राहून त्यांनी विचारलं, "कशावरून?" म्हातारीनं पायाचा तळवा वर करून दाखवला.

त्या म्हातारीच्या चटक्यानं आमचा घात केला. पंचक्रोशीतले सगळे लंगडे, लुळे, पांगळे दवाखान्यात येऊन बसू लागले. त्यात सगळ्यांत जास्त होते ते लाखोरीचे.

लाखोरी म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोरीचं बी फेकून देतात. नांगर नको, पाणी नको, काही नको. दुसरं सगळं वाळून गेलं तरी लाखोरी उभी राहते. डाळ दिसायला तुरीसारखी, चवीलाही बरी. भातासोबत थोडी खाल्ली तर काही होत नाही. पण दुष्काळात दुसरं काही नसतं आणि माणूस तीन-चार महिने लाखोरीचीच भाकर, लाखोरीचंच वरण खातो, तेव्हा एके दिवशी सकाळी पाय ताठरतात. पाठीतल्या नसा जळून जातात. तरणीताठी पोरं चवड्यावर चालायला लागतात, गुडघे एकमेकांत अडकतात, टाच जमिनीला लागत नाही. आणि गेली ती गेलीच, असं सगळे म्हणायचे. विकायला सरकारची बंदी होती, पण बांधी काही सरकारला विचारून पिकत नाही.

साहेबांचं लाखोरीशी हाडवैर. कुणाकडे जेवायला गेले की वरण बोटात घेऊन चोळून बघणार. एकदा एका लग्नाच्या पंगतीत बसले होते. भजं मोडलं, हुंगलं, आणि भर पंगतीत नवरीच्या बापाला विचारलं, "हे बेसन चण्याचंच आहे, कशावरून?" नवरीचा बाप हातातली बादली खाली ठेवून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमी जेवाले आले का पंचनामा कराले?" साहेबांनी मुकाट्यानं कोरडा भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून त्याच घरी गेले, माफी मागितली, आणि मग चुलीजवळ बसून नवरीच्या आईला शिकवलं की लाखोरी खायचीच असेल तर गरम पाण्यात भिजत घाला, पाणी फेका, परत भिजवा, परत फेका. ती बाई मला पुढं सांगत होती, "माफी मांगाले आला का शिकवाले आला तेच समजलं नाही, पन मानूस चांगला हाये वो."

माणूस चांगला होताच. मला हे तेव्हा समजलं असं मी म्हणणार नाही. तेव्हा मी रोज देवाला म्हणायचे की याची बदली कर. देवानं ऐकलं ते तीन वर्षांनी, आणि ते गेले त्या दिवशी मी बोडीच्या पाळीवर जाऊन मुलीसारखी रडले. नंतर किती डॉक्टर आले, गेले. हुशार आले, देखणे आले. चहा झाला म्हटलं की "छान" म्हणणारे आले. माझ्या हातानं हजारो लाल सुया मारून घेतल्या त्यांनी आणि कुणी एकदाही विचारलं नाही की ही कशासाठी, यानं काय होतं. सुई भरताना मागून कुणीतरी तो एक शब्द बोलेल म्हणून मी कान देऊन असायची. बदलीनंतर दोन पत्रं पाठवली मी. उत्तर एकाचंच आलं, त्यातही माझ्या डाव्या टाचेची चौकशी. दुसरं पोचलं की नाही देव जाणे. अजून एखादा उंच माणूस सायकल हातात धरून चालताना दिसला की मी थांबून बघते. असो.

मी भावाचं सांगत होते. नाही, अजून सांगितलंच नाही. तेच सांगायचं टाळून राहिले आहे मी मघापासून.

माझा धाकटा भाऊ दंडारीत नाचायचा. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि मंडईत दंडार असते. पुरुष घुंगरू बांधून नाचतात, सोंगं घेतात. माझा भाऊ गवळणीचं सोंग घ्यायचा. गोरा, नाकीडोळी नीट. लुगडं नेसून, दाढीमिशी घोटून तो उभा राहिला की बायकासुद्धा म्हणायच्या, "कोनाची पोरगी हो?" आणि पाय! काय पाय चालायचे त्याचे! बाप आमचा आधीच गेलेला. मी नर्सिंग शिकायला गेले तेव्हा घर त्यानं अंगावर घेतलं. "तू शिक ताई, मी पाह्यतो," म्हणाला. आणि त्याच साली दुष्काळ पडला. तो एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालानं राहिला. मजुरी मिळायची ती लाखोरीची. घरात जो काही भात होता तो त्यानं आईला खाऊ घातला. स्वतः चार महिने लाखोरी खाल्ली. मी तिकडे हॉस्टेलात दोन्ही वेळा भात खात होते, आणि भाताला वास येतो म्हणून तक्रारही करत होते.

पत्रात कुणी काही लिहिलं नाही. सुटीत घरी आले तर तो विहिरीकडून येत होता. चवड्यावर, गुडघ्यात गुडघा अडकवत, हातात काठी. मला वाटलं दंडारीचं नवीन सोंग बसवतोय. मी हसून टाळ्या वाजवल्या. "कोनाचं सोंग हाये रे हे?" म्हणाले.

माझ्यापर्यंत यायला त्याला केवढा वेळ लागला. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

तर म्हातारीला चटका बसल्यावर मी साहेबांच्या मागं लागले. माझ्या भावाला लाल सुई द्या. साहेब म्हणाले, "म्हातारीत कमी होतं म्हणून लागू पडलं. लाखोरीनं जळलेल्या नसेवर ते चालतं, हे कशावरून?" मला असा राग आला! पुस्तकी बोलणं सगळं गेलं. म्हटलं, "चालत नाही हे तरी तुमाले कशावरून माहीत हाये?"

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "खरं आहे. नाही माहीत."

आणि कामाला लागले. पंचक्रोशीतली लाखोरीनं अधू झालेली वीस-बावीस माणसं त्यांनी मारुतीच्या देवळासमोर गोळा केली. उभं राहून स्वच्छ सांगितलं, "ही सुई तुमच्या पायांवर चालते असं काही जण म्हणतात, काही जण नाही म्हणतात. मला माहीत नाही." डॉक्टर चारचौघांत मला माहीत नाही म्हणतो! लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, "तुमाले माहीत नाही तं आमी कोनाले विचाराव?" साहेब म्हणाले, "आपण तुमच्या पायांनाच विचारू. सगळ्यांना पुरेल इतकं औषध माझ्याकडे नाही. चिठ्ठ्या टाकू. निम्म्यांना आता, उरलेल्यांना मंडईनंतर, चाललं तर. आणि मंडईपर्यंत कुणाचीही टाच टेकली नाही तर सगळ्यांचंच बंद." साहेब निघून गेल्यावर पुजाऱ्यानं चिठ्ठ्या काढल्या, मी नावं लिहून घेतली. माझ्या भावाची चिठ्ठी सुईत निघाली. मी मारुतीला नारळ फोडला.

टाच टेकली की नाही हे बघायची साहेबांची रीत न्यारी होती. मिलमधून धानाच्या तुसाची राख आणायची, वस्त्रगाळ करायची, पाणी शिंपडून अंगणात लांब पट्टा पसरायचा. महिन्यातून एकदा एकेकानं त्यावरून चालून जायचं. साहेब तेव्हा खोलीत, दार लावून. म्हणायचे, "माणूस दिसला की मला तो बरा व्हावासा वाटतो. मग डोळे खोटं बोलतात." माणूस निघून गेला की मी नुसता नंबर पुकारायचा, मग ते बाहेर येऊन राखेतली पावलं बघणार, मोजणार, वहीत काढणार. सुई कुणाला आणि कुणाला नाही हेसुद्धा मलाच माहीत. राख नीट करायची तीही मीच.

बाकीचे सुईला बाजाराच्या दिवशी यायचे. भावाला मी रविवारी दुपारी गावी जाऊन द्यायची. अर्धा दिवस दवाखाना, मग दोन कोस चालत गाव, सुई मारायची, पाय दाबून बघायचे, टाच खाली ओढून बघायची, पाणी प्यायचं आणि दिवस मावळायच्या आत परत. चैत्र, वैशाख, धानाचा रोवणा, पोळा, सगळे रविवार असे गेले. राखेवर दर महिन्याला तेच. पाच बोटं आणि चवडा, पाच बोटं आणि चवडा. मागं कोरी राख. सुईवाल्यांचंही तेच, बिनसुईवाल्यांचंही तेच.

मंडईच्या आधीचा शेवटचा दिवस आला. बाकी सगळ्यांची पावलं बघून झाली होती, कुणाचीच टाच टेकली नव्हती. भाऊ बैलगाडीतून उतरला, राखेवरून गेला, गाडीत जाऊन बसला. अंगणात मी एकटी. खोलीच्या आत साहेब, दार लावलेलं. राखेत पाच बोटं आणि चवडा. मला एवढंच दिसत होतं की उद्यापासून सुई बंद. सुई बंद म्हणजे तो असाच राहणार. अजून थोडे दिवस मिळाले असते तर? कोण सांगावं, पुढच्या महिन्यातच टेकणार असेल तर? मी चप्पल काढली. भावाच्या शेवटच्या पावलामागं, जिथं टाच असायला पाहिजे होती, तिथं माझी टाच ठेवली आणि दाबली. मग नंबर पुकारला.

साहेब बाहेर आले. वही, पट्टी, भिंग. वाकून बघत बघत पुढं सरकले आणि थांबले.

"सिस्टर!" केवढ्यानं ओरडले! "सिस्टर, टाच! टाच टेकली!"

बापा रे, तो चेहरा. मी त्या माणसाला कधी हसताना पाहिलं नव्हतं. वही पडली, ती त्यांनी उचलली नाही. राखेतच गुडघे टेकून बसले, दोन्ही हातांनी चष्मा सावरत माझ्याकडे बघत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "टेकली हो, टेकली," म्हणत होते. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी आत जावं.

मग त्यांनी भिंग लावलं. एकेक रेघ बघितली. उठले, गुडघे झटकले, वही उचलली. माझ्या पायांकडे बघितलं.

"या टाचेला तीन भेगा आहेत," म्हणाले. "जी टाच तीन वर्षं जमिनीला लागली नाही, तिला भेगा कुठून पडतील? ती लहान मुलाच्या टाचेसारखी मऊ असणार."

मी मान खाली घातली. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. ते पायरीवर बसले आणि मलाही बस म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला बस म्हटलं होतं.

"ही टाच मी वहीत घेतली असती तर काय झालं असतं, माहीत आहे? सांगत सुटलो असतो मी. माणसांनी शेळ्या विकून, लुगडी विकून वर्षानुवर्षं लाल सुया टोचून घेतल्या असत्या. चवड्यावर चालत येऊन."

"माया भाऊ हाये तो, साहेब," मी म्हटलं. "माया भाताच्या पायी गेले त्याचे पाय."

"माहीत आहे मला." म्हणाले, "मलाही टाच हवीच होती, सिस्टर. बघितलंत ना तुम्ही. म्हणून तर मी दार लावून बसतो."

त्यांनी तिथंच वहीत शेवटची ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली. ज्याच्यात कमी आहे त्याला ही सुई उपयोगी. आमच्या लाखोरीच्या माणसांत एकाचीही टाच टेकली नाही. एवढंच. मग पेन बंद केलं. "हे आता त्या सगळ्यांना सांगायला पाहिजे. बाकीच्यांना मी सांगतो. तुमच्या भावाला मी सांगू की तुम्ही?"

मी म्हटलं, "मी."

बैलगाडीतून त्याच्याबरोबरच घरी गेले. दोन्ही बाजूंनी धान पिवळं झालं होतं, मंडईच्या ढोलक्यांचा सराव कुठंतरी चालू होता. घरी त्याला खाटेवर बसवलं, मी खाली बसले, त्याचे पाय मांडीवर घेतले. त्याची टाच हातात घेतली. खरंच मऊ होती, तान्ह्या लेकराच्या टाचेसारखी. इतके रविवार ती मी ओढत होते आणि मला ते कधी कळलं नाही. मान वर करून बघायची हिंमत नव्हती. त्या टाचेकडे बघतच बोलले, "सुईनं काही होऊन नाही राहिलं. बंद केली. तुये पाय असेच राह्यतीन आता." राखेतलं माझं कर्मही सांगितलं.

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं झालं सांगितलं," म्हणाला. "सुई मारते, पाय पाह्यते, पानी पेते अन् चालली जाते तू. आता नुसती येत जाय, ताई. बसाले येजो."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "सांगितलंत?"

"हो."

"काय म्हणाला?"

मी सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "रविवारी तुम्ही इकडे येऊ नका," म्हणाले.

"आणि दवाखाना?"

"सुई मारता येते मला अजून."

रविवारी सकाळीच निघाले. हातात पिशवी नाही, डबी नाही, काही नाही. चालताना हात कुठं ठेवावेत तेच कळेना. भाऊ ओसरीवर बसला होता, पुढ्यात ढोलकी घेऊन तिच्या दोऱ्या आवळत होता. मंडईत यंदा वाजवणार होता.

"आली?"

"आली."

"बस मंग."

मी बसले. आणि आज त्याच्या पायांशी काही काम नव्हतं म्हणून त्याच्या तोंडाकडे बघितलं. चांगली बोटभर दाढी होती त्याला. काळीभोर, नीट कातरलेली. गवळणीचं सोंग घेणारा माणूस दाढी राखत नाही. ज्याला परत कधी नाचायचं नाही तोच राखतो.

"ही कधी राखली रे?" मी विचारलं.

"पोळ्यापासून हाये, ताई," तो म्हणाला.